कोच, ट्रॉफ्या आणि बाहेर बसलेला पोरगा

बरेच शनिवार-रविवार कोरडे गेले. आधी रिलीज, मग रिलीजमधून निघालेले बग, मग घरात पाहुणे... लिहायला बसलोच नाही. आज बसलोय, कारण गेला आठवडाभर डोक्यात एक भांडण नुसतं खदखदतंय आणि ते कुठेतरी ओतल्याशिवाय सोमवारी कामात लक्ष लागणार नाही.

भांडणाचं कारण माझा भाचा. वय वर्षं बारा. गेल्या रविवारी ताई त्याला घेऊन आमच्याकडे कामणला आली होती. भात कापून झालं की आमच्याकडे शेतातच क्रिकेट सुरू होतं. धसकटं पायाला टोचतात, बांध म्हणजे बाउंड्री, आणि चिंचोटी-भिवंडी रोडवरच्या कंटेनरचे हॉर्न हीच काय ती कॉमेंट्री. भाचाही उतरला. अख्खी संध्याकाळ त्याने जीव तोडून फिल्डिंग केली. त्याचा नंबर आला तेव्हा मी बॅट पुढे केली, तर म्हणतो, "मामा, मी बॅटिंग नाही करत. मी फिल्डिंगवाला आहे."

बारा वर्षांचं पोर! वर्षभर एका क्रिकेट अकादमीत जातंय. फी, किट, बूट, रिक्षा धरून ताईने किती पैसे घातलेत ते मला माहीत आहे. आणि एवढं करून हे पोर शिकलं काय, तर आपल्याला काय येत नाही ते.

ताईने म्हणे तिथल्या कोचला विचारलं होतं. उत्तर मिळालं की ज्याच्यात काही दिसतं त्याच्यावर आम्ही मेहनत घेतो, बाकीच्यांना निदान शिस्त लागते. अकादमीच्या गेटवर भला मोठा फ्लेक्स आहे. चौदा वर्षांखालच्या निवडीत गेलेल्या एका मुलाचा फोटो, आणि त्याच्याएवढाच कोचचा. नाव घेणार नाही, कारण मुद्दा एका अकादमीचा नाहीच. मुद्दा दाजींच्या उत्तराचा आहे. ते शांतपणे चहा पीत म्हणाले, "अरे, कोच चांगलाच आहे. त्याच्या पोरांनी दोन स्पर्धा मारल्यात."

सोमवारी ऑफिसात सांगितलं तर तिथेही तेच. आमच्या टीममध्ये एक एनबीएवेडा आहे, पहाटे उठून बास्केटबॉल बघतो आणि दहाच्या मीटिंगला पेंगतो. तो म्हणाला, "कोच मोजायचा तर टायटल्स मोज. फिल जॅक्सन, अकरा. विषय संपला."

विषय संपत नाही राजा, इथून सुरू होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कोच किती मोठा हे त्याच्या स्टारकडे बघून कळत नाही, आणि कपाटातल्या ट्रॉफ्या मोजूनही कळत नाही. त्याच्या टीममधला जो बाहेर बसलाय त्याच्याकडे बघा. तो आला तेव्हा काय होता आणि आता काय आहे? हा प्रश्न विचारला की भलेभले फ्लेक्स खाली येतात.

आता जॅक्सनच घ्या. अकरापैकी सहा टायटल्स शिकागोची, मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेनसोबत. पाच लेकर्सची, सगळी कोबी ब्रायंटसोबत आणि त्यातली तीन शॅकिल ओनीलसुद्धा असताना. माणूस मोठा आहे, वाद नाही. पण "अकरा" या आकड्यातून त्याचा वाटा किती आणि जॉर्डनचा किती, हे काढून दाखवा. दोन अज्ञात आणि समीकरण एकच. हे सोडवता येत नाही, हे आपल्याला बारावीतच शिकवलेलं असतं. मला जॅक्सन मोठा वाटतो तो वेगळ्या कारणाने. १९९७ च्या फायनलचा सहावा सामना, शेवटचे काही सेकंद, स्कोअर बरोबरीत. सगळं जग जॉर्डन शॉट मारणार म्हणून बघतंय आणि जॉर्डन पास देतो स्टीव्ह करला. कर म्हणजे बेंचवरून उठून येणारा खेळाडू. त्याने शॉट घातला, शिकागो जिंकलं. जगातल्या सर्वात हट्टी स्टारला बेंचवरच्या माणसावर भरवसा ठेवावासा वाटला, यात कोचचं काम दिसतं. तोच स्टीव्ह कर पुढे कोच झाला आणि गोल्डन स्टेटला त्याने चार टायटल्स मिळवून दिली. हे सांगितल्यावर आमचा एनबीएवेडा थोडा गप्प झाला. पूर्ण नाही.

पण आपल्याला अमेरिकेत जायची गरजच काय? दुसरं समीकरण आपल्या घरात आहे. चंद्रकांत पंडित.

भारताकडून पाच कसोटी खेळलेला मुंबईचा विकेटकीपर, एवढीच ओळख बऱ्याच जणांना असते. कोच म्हणून त्यांनी मुंबईला तीन वेळा रणजी जिंकून दिली, २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६. आता कुणी म्हणेल, मुंबईला काय, मुंबई कुणालाही घेऊन जिंकते. मान्य. २०१६-१७ ला मुंबई फायनलमध्ये गुजरातकडून हरली आणि त्यानंतर मुंबईने पंडितांना निरोप दिला. फायनलला नेलेल्या कोचला! ट्रॉफ्या मोजणाऱ्यांचा हिशोब हा असा असतो, एक कमी पडली की खातं बंद.

मग ते विदर्भाकडे गेले. आणि इथे प्रयोग सुरू झाला, कारण कोच तोच, पण पोरं वेगळी.

विदर्भाने तोवर रणजीची फायनल कधी पाहिलीच नव्हती. नागपूरची टीम म्हटलं की मुंबईकर सामन्याआधीच गुण मोजायला बसायचा. २०१७-१८ च्या त्या टीममध्ये वसीम जाफर होता, पण तो चाळिशीला टेकलेला. उमेश यादव होता, पण त्याला भारताचं बोलावणं आलं की जाणार. बाकी टीम म्हणजे भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने बाहेर बसलेलीच माणसं. त्यात एक होता रजनीश गुरबानी. सिव्हिल इंजिनिअर. हो, आपल्यासारखाच डिग्रीवाला, फरक एवढाच की त्याने डिग्री बाजूला ठेवली आणि बॉल हातात घेतला. सेमीफायनलला कर्नाटकासमोर त्याने सामन्यात बारा विकेट काढल्या आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. पाच! फायनलला दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक. रणजीच्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा तो दुसराच बॉलर. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये विदर्भाने दिल्लीला नऊ विकेटनी हरवलं. पुढच्या मोसमात पुन्हा जिंकले, सौराष्ट्रविरुद्ध. म्हणजे पहिली ट्रॉफी लॉटरी नव्हती.

मला त्या इंदूरच्या सामन्यातलं आणखी एक नाव महत्त्वाचं वाटतं. अक्षय वाडकर. पहिलाच मोसम, विकेटकीपर, आणि फायनलमध्ये १३३. पंडित २०२० मध्ये विदर्भ सोडून गेले. कोच गेला की टीम पुन्हा मूळ पदावर येते, असं आपण नेहमी बघतो. विदर्भ आला नाही. २०२३-२४ ला फायनल खेळले, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा रणजी जिंकले. तेव्हा कोच होते उस्मान गनी, आणि कॅप्टन कोण? तोच अक्षय वाडकर.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं श्रेय पंडितांचं नाही. विदर्भाच्या क्रिकेट संघटनेने अकादमीवर आणि मैदानांवर त्याआधी बरीच वर्षं पैसा आणि डोकं खर्च केलं होतं. पण बी पेरलेलं असूनही पीक येत नव्हतं, ते पंडित आल्यावर आलं, आणि ते गेल्यावर जळून गेलं नाही.

पुढे मध्य प्रदेश. १९९८-९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून रणजीची फायनल बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाकडून हरले होते. २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशचे कोच म्हणून जिंकले. समोर मुंबई! यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार, तिघांची शतकं. तिघांपैकी एकानेही तोवर भारताची कॅप घातली नव्हती. मध्य प्रदेशची ही पहिली रणजी. त्या दिवशी पंडित मैदानावर रडले. मी घरी स्क्रीनवर बघत होतो, मुंबईचा सपोर्टर म्हणून शिव्या घालत होतो आणि डोळेही पुसत होतो.

म्हणजे तीन टीम, तीन वेगळ्या प्रकारची माणसं, निकाल मात्र तोच. समीकरण सुटतं ते असं. आणि तरीही २०२४ ला कोलकाता आयपीएल जिंकलं तेव्हा श्रेय कुणाला मिळालं? मेंटॉर गौतम गंभीरला. हेड कोच पंडित होते हे किती जणांना आठवतं, शेजारच्या क्युबिकलमध्ये विचारून बघा.

पंडितांचा स्वभाव कडक आहे, फार कडक. आयपीएलमधल्या एका परदेशी खेळाडूने त्याबद्दल जाहीर नाराजीही व्यक्त केली होती. मला विचाराल तर मी त्यांच्या हाताखाली दोन आठवडेही टिकलो नसतो. आणि जगभर फिरून आलेल्या पस्तिशीच्या प्रोफेशनलला कधी झोपायचं हे सांगणारा कोच मला तरी चुकतोय असं वाटतं. पण लोक यातून भलतंच शिकतात. "बघा, ओरडल्याशिवाय पोरं घडत नाहीत!" अहो, ओरडणारे कोच गल्लोगल्ली आहेत. ओरडून रणजी मिळाली असती तर आमच्या पीटीच्या सरांनी दहा जिंकल्या असत्या.

दाजींकडे दुसरा हुकमी एक्का होता. "आचरेकर सरांनी एकटा सचिन दिला, झाला ना विषय?"

नाही झाला. आणि हे मी आचरेकर सरांचा अपमान म्हणून नाही, आदर म्हणून बोलतोय. सचिन दिला म्हणून सर मोठे असतील, तर विनोद कांबळीचं काय करायचं? सतरा कसोटी, ५४ ची सरासरी, आणि तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी. त्याचा दोष आपण सरांना देत नाही, आणि देऊही नये. मग एकाचं अख्खं श्रेय सरांना आणि दुसऱ्याचा दोष नशिबाला, हा हिशोब कुठल्या बँकेत चालतो? एका मुलाकडे बघून कोच मोजायचाच नसतो, चांगल्या बाजूनेही नाही आणि वाईट बाजूनेही नाही.

सर मोठे कशामुळे, ते स्टंपवरच्या त्या नाण्यात आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिनला आउट करेल त्याला ते मिळायचं, कुणीच करू शकलं नाही तर सचिनला. सचिनकडे अशी तेरा नाणी आहेत. ही गोष्ट आपण कायम सचिनची म्हणून सांगतो. जरा उलटी करून बघा. संध्याकाळ झालीय, दिवसभर दमलेली पोरं आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला सर सांगतायत की तू याला आउट करू शकतोस, हा घे रुपया लावला तुझ्यावर. नेटमध्ये नुसता बॉल टाकणारा पोरगासुद्धा त्या पंधरा मिनिटांत मॅच खेळत होता. म्हणून शिवाजी पार्कातून एक सचिन निघाला नाही. बलविंदर संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार... यादी लांब आहे. (सरांनी सचिनला मारलेल्या थपडेची गोष्टही लोक कौतुकाने सांगतात. ती मला कधीच आवडली नाही. मोठ्या माणसाचं सगळंच मोठं नसतं.)

याच यादीतलं एक नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची सेमीफायनल. शारदाश्रमकडून सचिन आणि विनोदची ६६४ ची नाबाद भागीदारी. सचिन ३२६, विनोद ३४९. आणि पुढच्या नंबरसाठी पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. बसला, बसला, आणि बसूनच राहिला. डाव घोषित झाला, त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० मारले. १७१ फर्स्ट क्लास सामने, ११,१६७ धावा, तीस शतकं. भारताची कॅप? शून्य. त्याच्या नंबरची माणसं होती द्रविड, गांगुली, लक्ष्मण, आणि अर्थात सचिन. मी मघाशी २०२२ ची ती बेंगळुरूची फायनल सांगितली ना, तिथे हरलेल्या मुंबईचा कोच अमोलच होता. दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये आचरेकर सरांचे विद्यार्थी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल भारताच्या महिला संघाचा हेड कोच झाला तेव्हा आमच्याच कँटीनमध्ये ऐकलेलं वाक्य, "जो स्वतः इंडियाकडून खेळला नाही तो काय शिकवणार?" मग २०२५ चा वर्ल्ड कप आला. साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, सलग तीन पराभव. कँटीनवाले खूश. इंग्लंडविरुद्ध तर जेमिमा रॉड्रिग्सला वगळलं होतं. मीही तेव्हा वैतागलो होतो, आणि तो निर्णय आजही मला चुकीचा वाटतो. पण बघण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. वगळलेली जेमिमा पुढच्याच सामन्यात परत आली, न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग, आणि तिसऱ्या नंबरवर नाबाद १२७. प्रतिका रावल जखमी झाली तेव्हा आली शेफाली वर्मा, जी संघातच काय, राखीव खेळाडूंतही नव्हती. फायनलला ८७ धावा आणि दोन विकेट. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, भारत ५२ धावांनी जिंकला.

शेफालीची निवड एकट्या कोचने केली नाही, निवड समिती असते, ठाऊक आहे. पण बाहेरून आलेली मुलगी पाहुणी म्हणून न खेळता घरच्यासारखी खेळते, आणि वगळलेली मुलगी रुसून न बसता सामना काढून देते, असं ड्रेसिंग रूम आपोआप तयार होत नाही. पॅड बांधून बसून राहणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या कोचइतकं कुणाला कळत असेल?

इथे ऑफिसातला आमचा मॅनेजर मध्ये पडला. त्याचा मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून सांगतो. "प्रोफेशनल कोचला पगार जिंकण्याचा मिळतो. बेंचवरच्यांचं भलं करायला एनजीओ काढावी." (हा तोच मॅनेजर, जो बेंचवरच्या पोरांना अप्रेझलमध्ये ढकलून देतो. असो, पगार तोच मंजूर करतो.) त्याला मी म्हटलं, साहेब, वाडकर कोण होता? गुरबानी कोण होता? शेफाली कुठे होती? मोठ्या मोसमात स्टार जखमी होतो, थकतो किंवा इंडियाकडून खेळायला जातो. ट्रॉफी ठरते ती त्या दिवशी, जेव्हा तुमचा बारावा-तेरावा माणूस मैदानात उतरतो. बेंचकडे लक्ष देणं ही दया नाही हो, तोच धंदा आहे. आपल्या प्रोजेक्टमध्ये एकट्यालाच कोड माहीत असलेला सीनियर रजेवर गेला की काय होतं, हे काय मी सांगायला हवं?

आणि लांब कशाला, आपल्याच पालघर जिल्ह्यातला पोरगा बघा ना. शार्दूल ठाकूर. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे कोच दिनेश लाड. शार्दूल त्यांच्या शाळेविरुद्ध खेळायला आला होता. समोरच्या टीमचा पोरगा! लाड सरांना तो आवडला, पण पालघरहून रोज लोकलने बोरिवली म्हणजे पोराचा अर्धा दिवस गाडीत. सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. याच लाड सरांनी त्याआधी रोहित शर्मा नावाच्या एका ऑफस्पिनरला आपल्या शाळेत आणलं होतं. महिना २७५ रुपये फी झेपणार नाही म्हटल्यावर शाळेकडून माफ करून घेतली. आणि एक दिवस नेटजवळ त्याला नॉकिंग करताना बघून, अरे, याला बॅटिंग येते, म्हणून खालच्या नंबरवरून थेट वर पाठवलं. बॉलर म्हणून आणलेला पोरगा! आपण लावलेलं लेबल चुकलं असेल, हे मान्य करायला कोचच्या अंगी केवढा कमीपणा लागतो. जानेवारी २०२१ ला गाबावर शार्दूलने ६७ धावा आणि सामन्यात सात विकेट काढल्या, तेव्हा अर्धी भारतीय टीम जखमी होती आणि तोही बदली म्हणूनच आत आला होता.

सरळच सांगतो, या विषयात मी निष्पक्ष नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीममध्ये मी तीन वर्षं बारावा होतो. आमच्या कोचला माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं, "ए पाणी" अशी हाक यायची. मी काही गुरबानी होणार नव्हतो, तेवढी अक्कल मलाही होती. पण तीन वर्षांत मला एकदाही कुणी सांगितलं नाही की माझा पुढचा पाय बॉलपर्यंत पोचत नाही. ते मला यंदा कळलं, मोबाईलवर स्वतःचाच व्हिडिओ बघून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, धसकटांत उभं राहून. :)

म्हणून त्या "फिल्डिंगवाल्या" पोराचं मला एवढं लागलं. तो टेस्ट खेळणार नाही, साठातली एकोणसाठ पोरं खेळणार नाहीत. पण फी साठ जणांची घेतली जाते. मग साठांना शिकवा, नाहीतर फ्लेक्सवर स्पष्ट लिहा की एकालाच शिकवतो, बाकीचे बॉल आणून देतात.

काल ताईला फोन केला. म्हटलं, दुसरी अकादमी बघायला जाशील तेव्हा किती कप जिंकले ते विचारू नकोस. सगळ्यात शेवटी बॅटिंग मिळणारा पोरगा कोण ते विचार, आणि त्याला गेल्या महिन्यात काय शिकवलं ते विचार. नाव चटकन सांगितलं तर फी भर. ताई म्हणाली विचारेन. दाजी मागून म्हणाले, मार्चपर्यंतची फी भरलेली आहे.

उद्या भाचा पुन्हा येतोय. त्याला ओपनिंगला पाठवणार आहे. पहिल्या बॉलवर आउट झाला तर पुन्हा घेऊ, शेत आमचं आहे आणि बॉलही माझाच आहे.